फळीवर पालथं पडून लाट पकडताना

हा लेख आम्ही दोघी जावांनी मिळून लिहिला आहे. थोरलीचं माहेर श्रीवर्धनचं, धाकटीचं म्हसळ्याचं, आणि सासर दोघींचंही मुरूड तालुक्यात. म्हणजे लहानपणापासून आजपर्यंत समुद्राचा किंवा खाडीचा वास नाकातून कधी गेलाच नाही. पण गुडघ्याच्या वर पाणी आम्ही कधी येऊ दिलं नव्हतं. ईदच्या दुसऱ्या दिवशी पुळणीवर जायचं, सलवार वीतभर वर धरून पाय भिजवायचे, मुलांना भेळ खाऊ घालायची आणि मगरिबच्या आत घरी परतायचं, एवढाच आमचा समुद्र. आमचे आजेसासरे बोटीवर खलाशी होते, अर्धी दुनिया फिरले; पण पोहता त्यांनाही येत नव्हतं, असं घरात हसत सांगतात.

2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या पुळणीवर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून जास्त विद्यार्थी बुडाले, हे वाचकांना आठवत असेल. कुणाकुणाच्या लेकी होत्या त्यांत. त्यानंतर आमच्या घरात समुद्राला जणू कुलूपच लागलं. मुलांनी ‘पाण्यात जाऊ?’ असं विचारायचं आणि आम्ही ‘नाही’ म्हणायचं.

त्यामुळे गेल्या डिसेंबरात केपटाऊनला लग्नाला गेलो असताना भाभी म्हणाली, ‘‘उद्या सकाळी मुलांना बॉडीबोर्डिंगला नेते, तुम्ही दोघीही चला,’’ तेव्हा आम्ही एका सुरात म्हणालो, ‘‘मुलं वाळूत खेळतील.’’

केपटाऊनमध्ये आमचं कोण, असा प्रश्न कोकणातल्या वाचकांना पडणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून आपल्या हबसाण आणि रत्नागिरी भागातली माणसं तिथे जाऊन राहिली आहेत. आमच्या सासऱ्यांचे चुलते तिकडेच स्थायिक झाले. त्यांची मुलगी, म्हणजे आमच्या नवऱ्यांची फुफी, जन्मली तिथे, वाढली तिथे, आता सत्तरीला आली आहे, आणि बोलते अशी कोकणी की आमच्या मुलांना अर्धी समजत नाही. भाभी म्हणजे तिची सून. शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे समुद्रावर असते.

मुलांचं म्हणाल तर थोरलीची मुलगी नववीत आणि धाकटीचा मुलगा पाचवीत. मुलगा हट्ट करून रडला. मुलगी काहीच बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. तिच्या वयात आम्हीही अशाच गप्प राहायचो.

शेवटी भाभीनेच तोड काढली. पहिले दोन दिवस समुद्र नाहीच, नुसता हौद. सेंट जेम्स नावाच्या ठिकाणी किनाऱ्यालगतच्या खडकात भिंत घालून बांधलेलं तळं आहे. भरतीला समुद्र त्यात ताजं पाणी भरून जातो, पण आतल्या पाण्याला ओढ नसते. तिथे तिने आम्हाला चार गोष्टी करायला लावल्या. चेहरा पाण्यात घालून श्वास बाहेर सोडायचा, उताणं होऊन तरंगायचं, तरंगताना आकाशाकडे बघत पन्नास मोजायचे, आणि उताण्याचं पालथं होऊन पुन्हा उभं राहायचं. पहिल्या दिवशी आमची मोजणी सातावर संपली. दुसऱ्या दिवशी धाकटीने पन्नास गाठले, थोरलीने तीस. मुलं शाळेच्या पोहण्याच्या वर्गाला गेलेली असल्यामुळे त्यांना हे सगळं पोरखेळ वाटत होतं. भाभीचा नियम साधा होता. ज्याला पोहता येत नाही त्याने कमरेच्या पाण्यापुढे जायचं नाही, मग फळी हातात असो वा नसो. फळी तरंगते, पण ती लाईफ जॅकेट नाही. हातातून सुटली की माणूस एकटाच उरतो.

आता कपड्यांबद्दल, कारण आमच्या घरात पहिला प्रश्न तोच निघाला होता. सलवार-कमीज आणि ओढणी घालून पाण्यात उतरणं हे लाजेच्या दृष्टीने ठीक वाटलं तरी जिवाच्या दृष्टीने वाईट. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, पायांत गुंडाळतं, आणि ओढणी तर गळ्याभोवती आवळू शकते. ऑस्ट्रेलियातल्या अहेदा झनेटी या लेबनानी वंशाच्या बाईने 2004 मध्ये बुर्किनी तयार केली, ती हीच अडचण ओळखून. कापड पाणी धरून ठेवत नाही, डोकं झाकलेलं राहतं आणि वरचा अंगरखा पाण्याबरोबर वर येत नाही. भाभीकडे अशा तीन होत्या. आत तिने आम्हाला पातळ वेटसूट घालायला लावले, कारण भर उन्हाळ्यातही तिथलं पाणी वीस अंशांच्या आसपास असतं. आपल्या कोकणातल्या पाण्यापुढे ते थंडगारच. पुळणीवर आमच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. वेटसूटमध्ये सगळेच नखशिखांत झाकलेले होते, गोरे, काळे, बाया, पुरुष, सगळे.

तिसऱ्या दिवशी फज्र पढून निघालो. तिकडे डिसेंबरात उन्हाळा, मगरिब रात्री आठच्या सुमारास होते, त्यामुळे सकाळ लांबलचक मिळते. शिवाय सकाळीच जायला कारणही आहे. उन्हाळ्यात दुपारकडे तिथे आग्नेयेचा जोराचा वारा सुटतो आणि लाटांची खिचडी होऊन जाते.

जागेचं नाव म्यूझनबर्ग. फॉल्स बे नावाच्या मोठ्या उपसागराच्या काठी लांबच लांब सपाट पुळण, लाल-पिवळ्या-निळ्या रंगांच्या लाकडी खोल्यांची रांग आणि पाठीशी डोंगर. तळ वाळूचा, उतार अगदी हळू; पन्नास पावलं आत गेलं तरी पाणी कमरेलाच. लाट लांबवर फुटते आणि फेस होऊन सावकाश किनाऱ्याकडे येते. नवशिक्याला हवं ते हेच. 1922 मध्ये अगाथा ख्रिस्ती, त्या रहस्यकथावाल्या, नवऱ्याबरोबर इथे आल्या होत्या आणि लाकडाच्या पातळ फळीवर पोटावर झोपून लाटांवरून घसरायला शिकल्या होत्या. म्हणजे आम्ही जे करायला निघालो होतो ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं.

पोटावर झोपून लाट पकडण्याची कला मूळची हवाई बेटांची. तिथले लोक ‘पायपो’ नावाची आखूड लाकडी फळी वापरत. आजची मऊ फळी आली 1971 मध्ये. हवाईतच राहणाऱ्या टॉम मोरे या गृहस्थाने फोमचा मोठा तुकडा घरातल्या विजेच्या सुरीने कापला आणि वर वर्तमानपत्राचा कागद ठेवून गरम इस्त्रीने त्याला आकार दिला. सुरी, रद्दी आणि इस्त्री! हे ऐकून आम्हाला त्या फळीबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

पुळणीवर गेल्यावर भाभीने पहिल्यांदा समुद्र नाही, झेंडा बघायला सांगितला. डोंगरावर माणसं दुर्बीण लावून बसलेली असतात. काम एकच, पाण्यात शार्क दिसतो का ते पाहणं. 2004 पासून ही व्यवस्था आहे. हिरवा झेंडा म्हणजे पाणी स्वच्छ दिसतंय आणि शार्क नाही. काळा म्हणजे पाणी गढूळ, नीट दिसत नाही. लाल म्हणजे सावध राहा. पांढरा झेंडा, त्यावर काळा शार्क, आणि भोंगा वाजला की ताबडतोब बाहेर. शार्कचं नाव ऐकून आम्ही दोघींनी मुलांचे दंड धरले. भाभी म्हणाली, ‘‘मुंबईत रस्ता ओलांडताना सिग्नल बघता ना? तसंच आहे हे.’’ त्या दिवशी झेंडा हिरवा होता.

मग अर्धा तास कोरड्या वाळूवर शिकवणी. फळी उभी धरली तर तिचं टोक साधारण आपल्या बेंबीला लागावं. फार मोठी आवरत नाही, फार लहान माणसाला पेलत नाही. मऊ बाजू पोटाला, गुळगुळीत टणक बाजू पाण्याला. फळीची दोरी मनगटाला किंवा दंडाला बांधायची. पालथं पडायचं ते असं की फळीची मागची कड कमरेखाली यावी आणि पाय बाहेर राहावेत. दोन्ही हात पुढच्या कोपऱ्यांवर, कोपरं फळीवर टेकलेली, छाती थोडी वर, नजर समोर. आम्ही दोघी वाळूवर अशा पडलेल्या पाहून मुलांनी फोटो काढले. ते फोटो आम्ही नंतर पुसायला लावले.

पाण्यात चालत जाताना एक गोष्ट भाभीने तीनदा सांगितली, म्हणून आम्हीही ती वेगळी सांगतो. फळी कधीही आपल्या पोटाच्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये धरायची नाही. लाट फळीला ढकलते आणि फळी सरळ तोंडावर किंवा पोटात बसते. फळी बाजूला धरायची आणि लाटेला आडव्या अंगाने सामोरं जायचं. नवशिक्यांना दुखापत होते ती बहुतेक अशीच, स्वतःच्याच फळीची.

कमरेच्या पाण्यात उभं राहून किनाऱ्याकडे तोंड करायचं आणि मान वळवून मागे बघत राहायचं. फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस हातभर अंतरावर आला की तळ पायांनी जोरात मागे ढकलून फळीसकट पुढे झेप घ्यायची. झेप महत्त्वाची. आपण जागच्या जागी उभे असलो तर लाट आपल्याला ओलांडून निघून जाते, जशी चालती बस थांब्यावर न थांबता निघून जावी. बसबरोबर चार पावलं धावलं तरच दांडा हाती लागतो.

धाकटीचं पहिलं वीस मिनिटांचं काम म्हणजे निव्वळ बस चुकवणं. ती फळीवर फार मागे पडत होती, त्यामुळे फळीचं तोंड वर यायचं, शेपूट पाण्यात घासायचं आणि लाट खालून निघून जायची. थोरलीचं उलट. ती घाईने फार पुढे गेली, फळीचं नाक पाण्यात घुसलं आणि तिने अशी कोलांटी मारली की नाकातोंडात मीठच मीठ. उठली तेव्हा आधी डोक्यावरचं कापड चाचपलं, मग मुलगी कुठे आहे ते पाहिलं. मुलगी हसत होती, पण हात पुढे केलेला होता. अम्मीला हात देऊन उठवण्याची वेळ तिच्यावर बहुधा पहिल्यांदाच आली असावी.

पुढे-मागेचं हे गणित एकदा अंगाला कळलं की अर्धं काम झालं. वेग हवा तर चार बोटं पुढे सरकायचं. थांबायचं असेल तर मागे सरकून फळीचं तोंड उचलायचं आणि पाय पाण्यात सोडायचे, की ब्रेक लागला. मुलाला ते तिसऱ्या लाटेतच जमलं. आम्हाला एका तासाने. थोरलीला जी पहिली लाट धड मिळाली ती किनाऱ्यापर्यंत घेऊन आली. पोटाखाली वाळू लागेपर्यंत ती तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. बिस्मिल्लाह म्हणत होती की किंचाळत होती, यावर घरात आजही एकमत नाही.

खरी शिकवणी मात्र लाटा सोडण्याची होती. भाभी म्हणायची, दहांतल्या सात लाटा जाऊ द्या. कमरेपेक्षा उंच फेस असेल तर सोडा. पुढ्यात दुसरं कुणी असेल तर सोडा. दोघांना एकच लाट हवी असेल तर जो फुटणाऱ्या भागाच्या जवळ असेल त्याचा हक्क. दम लागला असेल तर तर सोडाच. समुद्रावर हात जोडून उभं राहून नुसतं बघत बसणं हेही शिकण्यातच धरतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आम्ही दोघी फेसातच राहिलो. मुलगी मात्र पाचव्या दिवशी भाभी आणि तिच्या मुलाबरोबर थोडी पुढे गेली. आता पायांत फिन्स, म्हणजे बदकाच्या पंज्यासारखे आखूड रबरी पाय. ते घालून चालायचं तर उलटं, पाठीकडून पाण्यात. सरळ चाललात तर तोंडघशी पडता. हाणायचे पाण्याखाली, मांडीपासून. वर फटाफट पाणी उडवलं तर नुसता आवाज होतो, वेग येत नाही. ती न फुटलेल्या लाटेवर वळायला शिकली. उजवीकडे जायचं तर उजवा हात पुढच्या उजव्या कोपऱ्यावर, डावा हात डाव्या कडेवर मध्यापर्यंत खाली घ्यायचा, उजवं कोपर आणि उजवी कंबर दाबायची आणि बघायचंही उजवीकडेच. मग फळी सरळ किनाऱ्याकडे न जाता लाटेच्या भिंतीला धरून आडवी पळते. किनाऱ्यावरून बघताना आमचं काळीज तोंडात आलेलं, आणि ती मात्र भिंतीवरून पाल सरकावी तशी सरकत होती.

आत जाताना समोरून मोठी लाट आली तर तिच्याखालून निघण्याचीही रीत आहे. लाट अंगावर येण्याच्या क्षणभर आधी दोन्ही हातांनी फळीचं तोंड खोल दाबायचं, मागच्या भागावर गुडघा रेटायचा आणि श्वास धरून फळीसकट खाली जायचं. लाट पाठीवरून जाते आणि फळीच आपल्याला वर काढते. हे तिला दोन दिवस जमलं नाही. फळीवर बसल्या बसल्या पूर्ण गिरकी घ्यायची कसरत तर शेवटपर्यंत अर्धीच राहिली. तिचा मामेभाऊ सांगायचा, डोकं आणि खांदा आधी फिरव, वजन पटकन पुढे आण, पाय उचलून एकमेकांत अडकव म्हणजे पाण्यात घासणार नाहीत, फळी सपाट ठेव. ती अर्धी फिरायची, उलट्या तोंडाने पुढे जायची आणि बुडायची.

सातव्या दिवशी जे झालं ते लिहावं की नाही यावर आम्ही जावांचं बोलणं झालं. लिहायचं ठरवलं.

धाकटीला त्या दिवशी सगळंच छान जमत होतं, आणि जमायला लागलं की माणूस नियम विसरतो. चांगल्या लाटेच्या नादात ती छातीच्या पाण्यापर्यंत गेली. तिथे एका पट्ट्यात लाटा फुटत नव्हत्या, पाणी शांत दिसत होतं, म्हणून तिला ते सोपं वाटलं. फसवणूक नेमकी तिथेच असते. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. ते जिथून एकवटून परत जातं तिथे लाट फुटत नाही, पाणी थोडं गढूळ दिसतं, फेस समुद्राकडे जाताना दिसतो. दोन मिनिटांत तिच्या पायाखालचा तळ गेला. रंगीत खोल्या लहान दिसायला लागल्या. ती किनाऱ्याकडे जीव खाऊन पाय हाणू लागली आणि होती तिथेच राहिली.

वीस हातांवर पुतणी होती. ती ओरडली, ‘‘चाची, फळी सोडू नका! सरळ नको, आडव्या चला!’’ भाभीने पहिल्याच दिवशी वाळूत बोटाने रेघ काढून हे दाखवलं होतं. ओढीशी भांडायचं नाही, कारण पट्टा सहसा अरुंद असतो. किनाऱ्याला समांतर सरकत त्यातून बाजूला निघायचं, जिथे लाटा फुटताना दिसतात तिकडे. दमलो तर फळीला कवटाळून तरंगत राहायचं आणि एक हात उंच करायचा. धाकटीने हात वर केला. किनाऱ्यावरचा जीवरक्षक उभा राहिला, पाण्याकडे चालू लागला. तोपर्यंत ती आडवी सरकत पंधरा-वीस हात गेली होती, मागून फेस आला आणि त्याने तिला उचलून थेट गुडघाभर पाण्यात आणून टाकलं. सगळं मिळून पाचेक मिनिटं असतील. थोरली तोवर किनाऱ्यावर दुआ करत उभी होती. तिच्या हातातली चप्पल नंतर सापडलीच नाही.

त्या रात्री जेवणावर शांतता होती. थोरल्या भावाने, म्हणजे मुलीच्या अब्बांनी, ताट सरकवत सांगितलं, ‘‘बस झालं. उद्यापासून कुणी जायचं नाही.’’ मुलाने ओठ काढले. मुलगी मात्र या वेळी गप्प राहिली नाही. ‘‘अब्बा, चाची बाहेर आल्या कारण त्यांना शिकवलं होतं. न शिकवता गेल्या असत्या तर?’’ तिचे अब्बा म्हणाले, ‘‘गेल्याच नसत्या.’’ खरं सांगायचं तर आम्हा दोघींना त्या क्षणी त्यांचंच पटत होतं.

तेव्हा फुफी बोलली. लहान असताना ती डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये राहायची. 1966 मध्ये सरकारने तो सगळा मोहल्ला गोऱ्यांसाठी राखीव केला आणि घर सोडून त्यांना रायलँड्सला यावं लागलं. तिचे वडील मासळी आणायला गाडीने कॉल्क बेच्या बंदरावर जात, कधी तिला बरोबर नेत. गाडी म्यूझनबर्गला अगदी समुद्राला लागून जाते. खिडकीतून रंगीत खोल्या दिसायच्या, पाण्यात खेळणारी तिच्या वयाची गोरी मुलं दिसायची. तिथे उतरायची तिला परवानगी नव्हती. 1953 च्या कायद्याने पुळणीसुद्धा रंगानुसार वाटून टाकल्या होत्या आणि तशा पाट्या लावलेल्या होत्या. 1989 च्या ऑगस्टमध्ये आर्चबिशप डेस्मंड टूटू आणि त्यांच्याबरोबरचे लोक गोऱ्यांच्या पुळणींवर मुद्दाम चालून गेले, पोलिसांनी अडवलं; त्याच वर्षाच्या शेवटी पुळणी सगळ्यांना खुल्या झाल्या. फुफी तेव्हा तिशी ओलांडून गेली होती, तीन मुलांची आई होती. ‘‘पाटी निघाली,’’ ती म्हणाली, ‘‘पण मी काही गेले नाही. कोण काय म्हणेल, वय झालं, कपडे काय घालू. आम्हाला पाटी लावून अडवलं होतं. तू पोरीला पाटी न लावता अडवतोस, मग ती पाटी काढणार कोण?’’

कुणी काही बोललं नाही. मुलीचे अब्बा हात धुवायला उठले. इशानंतर ते भाभीकडे गेले आणि ओढ कशी ओळखायची ते विचारू लागले. भाभीने त्यांना कागदावर काढून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः पुळणीवर आले, पाण्यात उतरले नाहीत, पण तासभर उभं राहून लाटा कुठे फुटतात आणि कुठे फुटत नाहीत ते बघत राहिले. मुलगी दिसेनाशी झाली की दोन पावलं पुढे जायचे, दिसली की मागे यायचे. धाकटी त्या दिवशी कमरेच्या पाण्यापुढे गेली नाही, आणि आता कधी जाणारही नाही, पोहणं पुरतं येईपर्यंत.

आम्ही दोघींनी घरी परतल्यावर पनवेलला बायकांच्या वेळेत पोहण्याच्या तलावावर नाव घातलं आहे. मुलांना पोहायला शिकवण्याची ताकीद हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने आपण बयानांतून ऐकत आलो आहोत, मुलींना ती लागू नाही असं कुणी म्हटल्याचं आमच्या ऐकण्यात नाही.

कोकणात हे करायचं तर काय, असं नात्यातल्या दोघी-तिघींनी फोनवर विचारलं. आपला समुद्र म्यूझनबर्ग नाही. पावसाळ्याचे चार महिने तर पाण्याचं नावही काढू नये. दिवाळीनंतर समुद्र निवतो, तेव्हा सकाळी, जीवरक्षक असेल त्याच पुळणीवर, आणि ओहोटी लागलेली असताना तर नाहीच. तिथल्या कोळी बांधवांना आधी विचारावं की खेच कुठे लागते. खाडीच्या तोंडाशी आणि खडकांच्या कडेला ती असतेच असते, आणि त्यांना ते आपल्या अंगणासारखं माहीत असतं. एकटं कुणीही जाऊ नये. थर्माकोलची स्वस्त फळी घेऊ नये. चार लाटांत मोडते आणि तिचे पांढरे मणी वर्षानुवर्षं पुळणीवर लोळत राहतात.

आमच्या शेवटच्या सकाळी फुफी प्लास्टिकची खुर्ची घेऊन स्वतःच गाडीत येऊन बसली. घोट्याएवढ्या पाण्यात खुर्ची मांडली. अर्धा तास नुसती बसून राहिली. मग भाभीला म्हणाली, ‘‘दे ती इकडे.’’ गुडघ्याएवढ्या पाण्यात भाभीने एका बाजूने धरलं, आम्ही दुसऱ्या बाजूने, फुफी कुरकुरत, गुडघ्यांना नावं ठेवत फळीवर पालथी झाली. छोटासा फेस आला. भाभीने मागून ढकललं. सात-आठ हात घसरली असेल. वाळूला लागल्यावर तशीच पडून राहिली. आम्ही घाबरून धावलो, तर डोळे उघडे, तोंडावर फेस.

‘‘फुफी, लागलं का?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘माझा चष्मा बघा कुठे गेला तो.’’

चष्मा थोरलीच्या मुलीने शोधून काढला. काचेला एक चरा गेला होता. फुफी तोच लावून आम्हाला विमानतळावर सोडायला आली.